पीएम रूममधला संसर्ग: ग्रामीण रुग्णालयातल्या शवविच्छेदन कक्षासाठी कामाची रीत

तालुक्याच्या पीएम रूममध्ये बॉडी येते तेव्हा सोबत पोलिसांचा पंचनामा असतो. त्यात गळफास, विषप्राशन, अपघात, सर्पदंश, विहिरीत पडून मृत्यू असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्या माणसाला क्षय होता का, हिपॅटायटिस बी होता का, एचआयव्ही होता का, हे त्या कागदावर नसतं आणि बऱ्याचदा नातेवाइकांनाही माहीत नसतं. तरीही अनेक ठिकाणी ‘पॉझिटिव्ह’ बॉडीसाठी पूर्ण तयारी आणि बाकीच्यांसाठी एक जोड हातमोजे अशी रीत पडली आहे. ही रीत उलटी आहे. निदान ठाऊक असलं की सगळे आपोआप जपून हात चालवतात. हात कापतो तो ‘साध्या’ केसमध्ये, घाईत. पुढे सांगितलेलं सगळं म्हणूनच प्रत्येक बॉडीसाठी आहे.

मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात खाली हवा ओढणारं टेबल असतं, निगेटिव्ह प्रेशरची (आतली हवा शेजारच्या खोल्यांत न जाऊ देणारी) खोली असते. इथे मात्र गृहीत धरली आहे ती एक खोली, एक टेबल, एक नळ, एखाद-दोन खिडक्या, एक मेडिकल ऑफिसर आणि प्रत्यक्ष ब्लेड-करवत चालवणारे कक्षसेवक, ज्यांना सगळं रुग्णालय ‘मामा’ म्हणतं.

धोका नेमका कुठून येतो

वाटा चार: टोचणं-कापणं, श्वास, डोळ्यातोंडात उडालेला शिंतोडा, आणि न धुतलेल्या हातांनी खाल्लेली तंबाखू. चौथी वाट हास्यास्पद वाटते, पण मळलेली तंबाखू दाढेखाली धरताना बोट तोंडात जातंच.

टोचण्याचं गणित असं. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची दोन टक्क्यांहून कमी, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी लागण्याची ६ ते ३० टक्के. सगळी भीती एचआयव्हीची आणि सगळ्यात मोठा धोका काविळीचा, असा हा प्रकार आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. म्हणजे टेबलाच्या कडेला राहिलेला काळपट डाग पुढच्या आठवड्यातही जिवंत असू शकतो. शीतपेटीत ठेवलेल्या मृतदेहातून दोन आठवड्यांनंतरही एचआयव्ही वेगळा करता आलेला आहे. ‘बॉडी थंड झाली, आता काही नाही’ ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी. थंडी विषाणू मारत नाही, टिकवते.

हवेतून येणारा मुख्य शत्रू क्षय. त्याचे जंतू १ ते ५ मायक्रॉनच्या कणांवर तरंगतात. फुफ्फुस दाबलं, पिळलं, कवटीवर करवत चालली किंवा नुसती बॉडी उचलून छाती दबली तरी असे कण सुटतात.

आधी दंडात लस

मास्क आणि गाऊनची यादी करण्याआधी पीएम रूममध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची लस पूर्ण करा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी; प्रत्येकी १ मिली, दंडाच्या स्नायूत. कमरेत दिलेली लस नीट लागत नाही. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचा, म्हणजे लशीने रक्तात किती संरक्षण तयार झालं ते मोजायचं. तो १० मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रति मिली किंवा त्याहून जास्त आला तर माणूस सुरक्षित. कमी आला तर पुन्हा तीन डोस, पुन्हा टायटर. तरीही कमीच राहिला तर त्या माणसाच्या नावापुढे लाल शेरा मारून ठेवा, कारण त्याला टोचलं तर लस पुरणार नाही, इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागेल.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ही लस २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहे. अडचण वेगळीच असते. यादी आस्थापनेवरच्या नावांची बनते, आणि टेबलावर उभा असतो कंत्राटी सफाई कामगार किंवा रोजंदारीवर बोलावलेला माणूस. यादी पगारपत्रकावरून न करता पीएम रूमच्या रजिस्टरवरून करा.

जोडीला धनुर्वाताची टीडी लस दर दहा वर्षांनी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं दिसलं की थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. मधुमेह असलेले, स्टिरॉइडवर असलेले आणि गरोदर कर्मचारी यांना शक्यतो टेबलावर उभं करू नये.

खोलीची हवा

पीएम रूममध्ये हवा तासाला किमान बारा वेळा पूर्ण बदलली पाहिजे. हे आपल्या खोलीत होतं का, ते टेपने मोजून काढता येतं.

समजा खोली ५ मीटर लांब, ४ रुंद, ३.५ उंच. घनफळ ७० घनमीटर. समोरासमोर खिडक्या असतील तर त्यांतल्या लहान खिडकीच्या उघड्या भागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला वाऱ्याच्या वेगाने (मीटर प्रति सेकंद) गुणा, मग ०.६५ ने आणि ३६०० ने गुणा, आणि घनफळाने भागा. उघडा भाग १ चौरस मीटर आणि वारा ०.५ असेल तर उत्तर जवळजवळ १७ येतं; उत्तम. पण मे महिन्याच्या दुपारी वारा पडला आणि वेग ०.१ वर आला की तेच उत्तर साडेतीनच्या आत येतं. म्हणून खिडक्यांच्या भरवशावर राहता येत नाही, एक्झॉस्ट लागतोच. ७० घनमीटरला बाराने गुणलं की ८४०. तेव्हा तासाला किमान ८४० घनमीटर हवा फेकणारा पंखा घ्यायचा. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो. जाळी, धूळ आणि झडपेमुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो, म्हणून थोडा मोठाच घ्या.

पंखा कुठे बसवायचा यात हमखास चूक होते. गवंडी तो छताजवळ बसवतो, कारण स्वयंपाकघरात तसाच बसवायची सवय असते. तिथे बसवला की टेबलावरची हवा काम करणाऱ्याच्या नाकासमोरून वर ओढली जाते. पंखा टेबलाच्या उंचीला किंवा त्याखाली हवा, आणि उभं राहण्याच्या जागेच्या समोरच्या भिंतीत. ताजी हवा पाठीमागून यावी, टेबलावरून जावी आणि समोर बाहेर पडावी. अगरबत्तीचा धूर टेबलावर धरून पाहा: तो तोंडाकडे आला तर मांडणी चुकली. पंख्याचं तोंड बाहेर कुठे उघडतं तेही बघा. बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला झाड असतं आणि नातेवाईक, पोलीस पाटील, शिपाई त्याच झाडाखाली बसलेले असतात.

छताचा पंखा आणि उभा पंखा पीएम चालू असताना बंद. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बदलत नाही. तो असला तरी एक्झॉस्ट चालूच हवा. काम संपल्यावर पंखा लगेच बंद करू नका. तासाला बारा वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटं लागतात. सहा वेळाच बदलत असेल तर ४६. सफाईवाल्याने तेवढा वेळ थांबून मग आत जावं, किंवा एन-९५ लावूनच जावं.

वासाचा आणि दारूचा संबंध इथेच येतो. ‘चार घोट घेतल्याशिवाय मामा हात लावत नाहीत’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि हसण्यावारी नेलेलं असतं. दारू प्यायलेल्या हातात ब्लेड देणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. पण वास कमी केल्याशिवाय, दुसऱ्या माणसाची पाळी लावल्याशिवाय नुसती नोटीस देऊन ती सवय सुटत नाही. एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही. वास आत आला म्हणून मास्क खराब आहे असं समजून तो काढू नये. विक्स लावायचंच असेल तर नाकाखाली त्वचेवर, मास्कच्या आतल्या कापडाला नाही. आणि व्हॅसलीनसारखं तेलकट मलम हाताला लावून वर लॅटेक्सचे हातमोजे चढवू नका, रबर कुजतं.

ब्लीचचं पाणी

जमिनीवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघेच्या आत घाण भाग, बाहेर स्वच्छ. दाराशी हात धुण्याचं बेसिन, कोपराने उघडणारा नळ, साबण. लिहिणारा, फोटो काढणारा आणि पोलीस रेघेबाहेर.

एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) रोज सकाळी ताजं बनवायचं. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी. १० टक्क्यांचं असेल तर एकाला नऊ. ब्लीचिंग पावडर वापरत असाल (साधारण ३० टक्के क्लोरीनची), तर लिटरला ३३ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला ३३० ग्रॅम. ढवळून गाळ बसू द्या आणि वरचं निवळ घ्या. हत्यारांसाठी अर्धा टक्का पुरतो, म्हणजे त्याच निवळात तेवढंच साधं पाणी.

इथे तीन गोष्टी बिघडतात. एक, उघड्या पोत्यातली जुनी पावडर. तिचा क्लोरीन उडून गेलेला असतो आणि ३३ ग्रॅमचं गणित खोटं ठरतं. झाकणाचा डबा वापरा आणि क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मिळत असतील तर आठवड्यातून एकदा बघा. दोन, रक्ताच्या थारोळ्यावर थेट ब्लीच ओतून लगेच पुसणं. रक्त क्लोरीन खाऊन टाकतं. आधी पेपर किंवा टिपकागद टाकून रक्त शोषून घ्या, त्यावर १ टक्का द्रावण ओता, किमान दहा मिनिटं थांबा, चिमट्याने उचलून पिवळ्या पिशवीत टाका, मग साबणाने धुऊन पुन्हा द्रावण. तिसरी गोष्ट जिवावर बेतणारी: फरशीचे डाग जावेत म्हणून ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड मिसळणं. क्लोरीन वायू सुटतो. ॲसिडची बाटली पीएम रूममध्ये ठेवूच नका.

बॉडी टेबलावर येईपर्यंत

पहिला धोका ट्रॉलीवरच असतो. बॉडी उचलताना छाती दाबली जाते आणि फुफ्फुसातली हवा तोंडावाटे बाहेर पडते. म्हणून हलवण्याआधी तोंड-नाकावर ओला कपडा किंवा साधा मास्क ठेवा. चार जणांनी चादरीच्या चार कोपऱ्यांनी उचला. दोघांनी काखेत आणि पायांना धरून उचललं की पाठही जाते आणि द्रवही सांडतो.

दुसऱ्या रुग्णालयातून बॉडी आली असेल तर हातातलं कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, घशातली ट्यूब तशीच असते. ओढून काढू नका. नोंद करा, फोटो होऊ द्या, मग कॅन्युला चिमट्याने काढून थेट धारदार वस्तूंच्या डब्यात.

कपडे उतरवताना खिशात हात घालायचा नाही, खिसा बाहेरून दाबूनही बघायचा नाही. कात्रीने शिवण उसवून खिसा ट्रेमध्ये उलटा करा. ब्लेडचं पान, सिरिंज, फुटलेली बाटली काहीही निघतं. साडी असेल तर खांद्यावरची आणि निऱ्यांची सेफ्टी पिन आधी शोधा. काचेच्या बांगड्या फुटल्या असतील तर मनगटावर ओलं फडकं गुंडाळून मगच हात हलवा. अपघाताच्या केसमध्ये केसांत आणि जखमांत गाडीच्या काचा रुतलेल्या असतात. तिथे बोटाने चाचपायचं नाही, चिमटा आणि प्रकाश.

पंचनाम्यावेळी बॉडी पालथी करणारे शिपाई आणि पंच बहुधा उघड्या हातांनी ते करतात. बॉक्समधले चार हातमोजे आणि दोन मास्क त्यांना दिले तर काही बिघडत नाही.

अंगावर काय, कुठल्या क्रमाने

स्वतःचे कपडे आणि घड्याळ-अंगठी बाहेर. मग स्क्रब सूट, गमबूट, पूर्ण बाह्यांचा पाणी न शोषणारा गाऊन, त्यावर छातीपासून बुटांपर्यंत येणारा प्लास्टिक ॲप्रन, टोपी, एन-९५, गॉगल किंवा तोंडभर येणारी शील्ड, शेवटी हातमोजे. विजार बुटाच्या बाहेर सोडायची. आत खोचली तर मांडीवरून ओघळलेलं पाणी थेट बुटात उतरतं.

एन-९५ ची पट्टी नाकावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा सुटली तर पुन्हा बसवा. दाढी असेल तर तो बसत नाही, मग कितीही महाग असो.

हातमोजे तीन थरांत: आत लॅटेक्स, मध्ये काप-रोधक विणलेला मोजा, वर पुन्हा लॅटेक्स किंवा जाड रबरी. निदान ज्या हातात ब्लेड नसतो त्या हाताला तरी मधला थर हवाच, कारण काप बहुतेक त्याच हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना लागतात. काप-रोधक मोजा पात्याची धार अडवतो, सुईचं टोक अडवत नाही, हे लक्षात असू द्या. आतल्या मोज्यावर बाही, बाहीवर बाहेरचा मोजा. बाहेरचा मोजा दर अर्ध्या-पाऊण तासाने बदला; बारीक भोकं डोळ्याला दिसत नाहीत.

कोविडच्या काळातला पांढरा अंगभर सूट रोजच्या कामाला लागत नाही. विदर्भात मे महिन्यात तो घालून माणूस वीस मिनिटांत घामाघूम होतो, गॉगलवर वाफ धरते, आणि न दिसणाऱ्या ब्लेडसारखं घातक दुसरं काही नाही. गाऊन आणि ॲप्रन बरे. दोन केसांच्या मध्ये बाहेर येऊन पाणी पिण्याएवढी सुट्टी ठेवा.

ब्लेड

संसर्ग रोखण्याचं अर्धं काम इथेच आहे.

बीपी हँडलला (ब्लेड बसवायच्या दांड्याला) ब्लेड बोटांनी लावायचा-काढायचा नाही. आर्टरी फोर्सेप्सने (अडकून बसणाऱ्या चिमट्याने) मधल्या खाचेजवळ धरून, पातं स्वतःपासून लांब. जमलं तर टोक बोथट असलेलं पीएम-४० चं पातं वापरा. आतडं आणि हृदय उघडायला गोल टोकाची कात्री.

एका वेळी एकाच माणसाचे हात पोकळीत. एकाने यकृत धरलंय आणि दुसरा खाली डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला पडदा) कापतोय, हीच बोट कापण्याची नेहमीची मांडणी. मदतनीसाला धरायचंच असेल तर लांब चिमट्याने. हत्यार हातातून हातात द्यायचं नाही. टेबलाच्या पायथ्याशी एक ट्रे ठेवा. एकाने त्यात ठेवायचं, ‘ब्लेड ठेवला’ असं मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं. सुरी निसटली तर झेलायची नाही, पडू द्यायची. पायात गमबूट त्यासाठीच आहेत.

छाती उघडताना बरगड्या कूर्चेच्या ठिकाणी कापा, हाडाच्या ठिकाणी नको. वय झालेल्या माणसाची कूर्चा हाडासारखी कडक झालेली असते, तिथे ब्लेडवर जोर न देता रिब शीअर (बरगड्या कापायची कात्री). कापलेली टोकं सुईसारखी असतात, आणि पुढचा तासभर मनगटं त्यांच्यावरून घासत राहतात. म्हणून छाती उघडली की लगेच दोन्ही बाजूंची कातडी आत दुमडून टोकांवर ओढा, किंवा जाड ओलं फडकं टाका. अपघातात मोडलेल्या बरगड्यांनाही हेच. या एका सवयीने मोजे फाटणं जितकं कमी होतं तितकं महागड्या सामानाने होत नाही.

पोकळीत रक्त साचलं असेल तर त्यात चाचपडत कापू नका. आधी डावाने किंवा वाटीने उपसा, मोजा, स्पंजने टिपा. कापणाऱ्या हाताला पात्याचं टोक दिसलंच पाहिजे. अवयवाचे काप पोकळीत किंवा तळहातावर घ्यायचे नाहीत: तो फळीवर सपाट ठेवा, वरून ओला स्पंज दाबा, आणि लांब सुरी फळीला समांतर, एकाच दिशेने, धरणाऱ्या हातापासून लांब ओढा. आतडं पाण्याच्या टबात बुडवून उघडा, शिंतोडे उडत नाहीत. नळाला पाइप लावून जोराची धार मारणं बंद. मंद पाणी.

क्षयाचा संशय असेल तर फुफ्फुस ताजं कापू नका. जनुकीय तपासणी किंवा कल्चरसाठी छोटा तुकडा आधी वेगळा काढा, कारण फॉर्मेलिनमध्ये (अवयव टिकवायच्या द्रावणात) जंतू मरतो आणि कल्चर उगवत नाही. मग श्वासनलिकेतून १० टक्के फॉर्मेलिन भरून फुफ्फुस फुगवा, दहापट द्रावणात बुडवा आणि किमान २४ ते ४८ तासांनी काप घ्या. पूर्ण अवयव नुसताच बरणीत टाकला तर फॉर्मेलिन आतपर्यंत पोचत नाही, मधला भाग कच्चाच राहतो.

कुजलेल्या बॉडीचं पोट फुगलेलं असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून, तोंड वळवून, एक्झॉस्ट चालू ठेवून लहान छेद द्या. वायू हळूहळू जाऊ द्या.

कवटी

केस आधी ओले करा. डोकं ठोकळ्यावर ठेवा. करवतीसमोर दुसऱ्याने हात धरून डोकं स्थिर करू नये. हवा ओढणारी जोडणी नसलेली विजेची करवत असेल तर ती बाजूला ठेवून हातकरवत घ्या. विजेची करवत हाडाचा बारीक धूर करते, हातकरवतीचा भुसा जड असतो आणि खाली पडतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० ला कोविड मृतदेहांबाबत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच होतं: हाडाचा धूर ओढून घेणारी करवत, नाहीतर साखळी-मोजा (धातूच्या कड्यांचा हातमोजा) घालून हातकरवत, आणि एका वेळी एकच पोकळी.

कापाच्या रेषेवर ओलं फडकं ठेवा, किंवा मोठी पारदर्शक पिशवी डोक्यावर चढवून करवत आणि हात तिच्या आत घाला. करवतीने हाड पुरतं कापा. शेवटी छिन्नी खाचेत घालून पिळा. छिन्नी-हातोड्याने ठोकत कवटी फोडणं हे अजूनही चालतं, पण त्यात मेंदूभोवतीचं पाणी तोंडावर उडतं आणि छिन्नी घसरते. या दहा मिनिटांत ज्याचं काम नाही त्याने खोलीबाहेर.

व्हिसेरा आणि शिवण

व्हिसेरा म्हणजे प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचे अवयवांचे तुकडे. त्यांच्या बरण्या दोन तृतीयांशच भरा. काठोकाठ भरलेली बरणी प्रयोगशाळेच्या वाटेवर गळते आणि ती हाताळणारा शिपाई, कारकून यांना कुणी सांगितलेलं नसतं. बरणी रेघेच्या कडेला बाहेरून १ टक्का द्रावणाने पुसा. लेबल, कापड आणि लाखेचं सील स्वच्छ मोजे घातलेल्या दुसऱ्या माणसाने करायचं. सुईने रक्त घेतलं की टोपण परत चढवायचं नाही. पोलिसांकडे जाणारे रक्ताळलेले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत द्या. प्लास्टिकमध्ये ते कुजतात.

दाभण टोचतं ते शेवटी, सगळे दमलेले असताना. कातडीची कड दात्यांच्या चिमट्याने उचला, बोटांनी नाही, आणि दाभण नेहमी आतून बाहेर, स्वतःपासून लांब काढा. दोरा लांबलचक घेऊ नका. मोठा फेरा मारताना ते शेजारच्याच्या दंडात शिरतं. नोव्हेंबर २०२१ पासून सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी आहे, खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी, घातपाताचा संशय असे प्रकार वगळून. रात्री करायचंच असेल तर टेबलावर सावली न पडणारा दिवा आणि चालू इन्व्हर्टर आहे का, हे छेद देण्याआधी बघा.

काढणं, धुणं, कचरा

रेघेच्या आत उभं राहून बूट आणि ॲप्रन धुवा. मग क्रम: बाहेरचे मोजे, ॲप्रन, गाऊन उलटा गुंडाळत, गॉगल मागच्या बाजूने धरून, आतले मोजे, हात धुणं. रेघेबाहेर आल्यावर मास्क, पुन्हा हात धुणं, ४० ते ६० सेकंद. नंतर आंघोळ. मास्क सगळ्यात शेवटी, आणि तोही खोलीबाहेर.

हत्यारं अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात दहा मिनिटं, जास्त ठेवली की गंजतात. मग साबण आणि ब्रशने पाण्याखाली घासणं, नंतर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), किंवा तो नसेल तर वीस मिनिटं उकळणं. टेबल साबणाने धुऊन १ टक्का द्रावण अर्धा तास. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे अवयवांचे तुकडे आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, मोजे आणि प्लास्टिक लाल, ब्लेड-सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. ४८ तासांच्या आत उचल. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. टेबलाचं पाणी उघड्या गटारात सोडता येत नाही, आधी टाकीत घेऊन निर्जंतुक करावं लागतं.

ज्या बॉडी इथे उघडायच्या नाहीत

निपाह, क्रिमियन-काँगो ताप, क्रॉइट्झफेल्ड-जेकब हा मेंदूचा आजार यांचा संशय असेल तर ग्रामीण रुग्णालयात छेद देऊ नका. जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोला, पोलिसांना लेखी कळवा. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाने उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकेचाही बळी घेतला होता. क्रॉइट्झफेल्ड-जेकबचा प्रिऑन (आजार पसरवणारं बिघडलेलं प्रथिन) उकळून मरत नाही, फॉर्मेलिननेही नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडीमुळे होणारा माकडताप दिसतो आहे. तिथे ताप येऊन दगावलेल्या काजू बागायतदाराची बॉडी आली तर आधी चौकशी करा. रेबीजच्या केसमध्ये मेंदू किंवा मणक्यातलं पाणी डोळ्यात उडालं, जखमेला लागलं, तर लशीचा कोर्स त्याच दिवशी सुरू.

टोचलं तर

काम तिथेच थांबवा. मोजे काढा, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच-डेटॉल ओतू नका. कातडी जळते आणि विषाणूला वाट मोकळी होते. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्ससकट धुवा, मग लेन्स काढा.

लगेच मेडिकल ऑफिसरला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर उपयोग नाही. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) सध्याच्या पद्धतीत टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडीन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ अशी एकत्र गोळी रोज एक, २८ दिवस. बॉडीच्या रक्ताचा नमुना तपासायला घ्या, पण त्याच्या रिपोर्टसाठी पहिली गोळी थांबवू नका. मृतदेहाचं रक्त फुटलेलं असतं, झटपट किटवर खोटं उत्तर येऊ शकतं. लवकर घ्या आणि सिरम वेगळं करून द्या.

हिपॅटायटिस बीची लस पूर्ण आणि टायटर १० किंवा वर असेल तर काही करायचं नाही. लस झालेली नसेल तर त्याच दिवशी पहिला डोस आणि दुसऱ्या दंडात इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या किलोला ०.०६ मिली, शक्यतो २४ तासांत, फार तर सात दिवसांत. हिपॅटायटिस सीला लस नाही. तपासणी करत राहायचं, लागलाच तर गोळ्यांनी बरा होतो.

त्या माणसाचं स्वतःचं रक्त त्याच दिवशी तपासा, मग सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. तोवर रक्तदान नाही आणि निरोध वापरायचा. अपघात रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, हत्यार, मोज्यांचे थर आणि साक्षीदार लिहा, त्याची सही घ्या आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. कंत्राटी माणसाकडे पुढे भरपाईसाठी दुसरा कागद नसतो. गोळ्यांचा पहिला डोस एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्राच्या) कुलपात न ठेवता कॅज्युअल्टीत, रात्रीही हाती लागेल असा ठेवा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यावरची मुदत बघा.